जर्मनीचं सिम दर चार आठवड्यांनी बदलता येतं, सोलापूरचा नंबर नाही

प्रश्न : मुलाला जर्मनीत केम्निट्झच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. सप्टेंबरअखेर निघतोय. शनिवारी मध्यरात्रीनंतरचं मुंबई-फ्रँकफर्ट विमान आहे, रविवारी सकाळी उतरेल. फोनबद्दल मात्र जितकी तोंडं तितके सल्ले. नवी पेठेतला ओळखीचा दुकानदार म्हणतो, इथूनच वर्षाचं इंटरनॅशनल रोमिंग मारून टाका, तिकडच्या सिमची गरजच नाही. म्युनिकचा भाचा म्हणतो, उतरल्यावर २४ महिन्यांचा प्लॅन घे, त्यात आयफोन मिळतो. मुलाचा आताचा नंबर माझ्या नावावर आहे, पण त्याच्या बँकेला आणि आधारला तोच जोडलेला आहे. तो बंद करावा की चालू ठेवावा? तिकडे वापरणार नाही, तर दर महिन्याला रिचार्ज कशाला, असं घरात चाललंय. फोन गेल्याच महिन्यात घेतला, चौदा हजारांचा, अँड्रॉइड, दोन सिमचा.
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न शेवटून दुसरा आहे. जर्मनीत कोणतं सिम घ्यायचं यावर सगळे बोलताहेत, पण तिथलं प्रीपेड चुकलं तर नुकसान दहा-पंधरा युरोंचं. चार आठवड्यांनी दुसरं घेता येतं, नंबरही तोच ठेवता येतो. सोलापूरचा नंबर हातचा गेला तर बँक, यूपीआय, आधार, आयकराचं पोर्टल या सगळ्यांची दारं एकदम बंद होतात, आणि ती केम्निट्झहून उघडायला फार खटपट पडते. म्हणून आधी भारतातल्या नंबरचं बघू.

तो बंद करू नका. आधारला परदेशी मोबाइल नंबर जोडता येत नाही, त्यामुळे आधारचा ओटीपी भारतीय नंबरवरच येणार. यूपीआयचंही तसंच. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांसाठी दहा देशांच्या नंबरवर यूपीआय सुरू करायला परवानगी दिली, त्यात अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, दुबईवाले आले, जर्मनी नव्हता. म्हणजे अमेरिकेतल्या नातेवाइकाने ‘माझं तर तिकडच्या नंबरवर चालतं’ असं सांगितलं, तर ते त्याच्यापुरतं खरं.

चालू ठेवायचा म्हणजे बोलण्यासाठी नव्हे. हा नंबर आता किल्ली आहे, खिशात असली म्हणजे झालं. त्यासाठी रोज दीड-दोन जीबी डेटाचा पॅक भरण्यात अर्थ नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक काढायला कंपन्यांना भाग पाडलं आणि पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. २०२५ च्या सुरुवातीला असे पॅक आले तेव्हा एअरटेलचा १८४९ रुपयांना ३६५ दिवस होता, जिओचा १७४८ रुपयांना ३३६ दिवस. म्हणजे महिना साधारण दीडशे-एकशेसाठ रुपये. रिचार्ज करताना आजचे दर अॅपमध्ये बघा. हे पॅक पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत, ‘व्हॅल्यू’ किंवा ‘फक्त व्हॉइस’ अशा कोपऱ्यात असतात. आणि ३३६ दिवस म्हणजे वर्ष नव्हे, २८ दिवसांचे बारा हप्ते. सप्टेंबरमध्ये भरलेला पॅक पुढच्या ऑगस्टमध्येच संपतो. संपायची तारीख तुमच्या घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुलाच्या नाही. परीक्षेच्या धांदलीत तो विसरणार.

इथे एका गैरसमजाबद्दल. ‘खात्यात २० रुपये ठेवले की नंबर जिवंत राहतो’ असं बरेच जण सांगतात. नियम आहे खरा. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापर नसल्याशिवाय कंपनीला बंद करता येत नाही, आणि तेव्हा शिल्लक २० रुपये असेल तर ती कापून आणखी ३० दिवस नंबर राखावा लागतो. पण नंबर राहणं वेगळं आणि त्यावर ओटीपी येणं वेगळं. पॅकची मुदत संपली की आधी आउटगोइंग थांबतं, काही दिवसांनी इनकमिंगही. नंबर कागदावर तुमचा आणि बँकेचा मेसेज मात्र येत नाही, अशी अवस्था होते. त्यातूनही दुर्लक्ष झालं, नंबर रद्द झाला, तर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग तुमच्या मुलाचे ओटीपी त्या माणसाच्या फोनवर.

पोस्टपेड करून घ्या असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पोस्टपेडला मुदतीची कटकट नाही हे बरोबर, पण परदेशात फोन चुकून भारतीय सिमवरून डेटा ओढायला लागला तर बिल कुठवर जाईल सांगता येत नाही. प्रीपेडमध्ये जाऊन जाऊन शिल्लक जाईल. ती शंभर-दोनशेच ठेवायची.

नंबर तुमच्या नावावर आहे, तो घाईने मुलाच्या नावावर करू नका. कार्ड हरवलं, फोन चोरीला गेला, तर डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर नंबर त्यालाच आधार घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत उभं राहावं लागतं. तुम्ही सोलापुरात आहात. मुलाच्या नावावर असता तर त्या कामासाठी त्याला यावं लागलं असतं.

आता निघण्याआधीची कामं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही कामांना नियमानेच वेळ लागतो.

मुलाचं आताचं सिम कार्ड काढून बघा. जुनं असेल, एकेकाळी कटरने कापून नॅनो केलेलं असेल, तर आत्ताच गॅलरीत जाऊन नवीन कार्ड घ्या. कापलेल्या कार्डाची कड ट्रेमध्ये हलते आणि ‘नो सिम’ येतं. इथे ते काढून पुसून बसवता येतं. तिकडे बँकेचं काम चालू असताना असं झालं तर पंचाईत. नवीन कार्ड घेतल्यावर २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. सिम-स्वॅपची, म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचं कार्ड परस्पर काढण्याची, फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार खात्याने घातलेली अट आहे ती. काही बँका त्यापुढेही थोडा काळ यूपीआयची मर्यादा कमी ठेवतात. म्हणून हे काम निघायच्या आदल्या दिवशी नको, किमान पंधरा दिवस आधी. घरी रेंज धड येत नाही म्हणून कंपनीच बदलायची असेल, तर पोर्टिंग त्याच्याही आधी करा. सिम बदलल्यावर सात दिवस पोर्ट करता येत नाही, आणि आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात.

त्यानंतर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. इथे शब्दांचा घोळ होतो. रोमिंगची सेवा सुरू असणं आणि रोमिंगचा पॅक घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा सुरू असेल तर भारतीय सिम जर्मन नेटवर्कवर नोंदतं आणि एसएमएस येऊ शकतो. त्यासाठी पॅक लागतोच असं नाही. कंपनीच्या अॅपमध्ये ‘इंटरनॅशनल रोमिंग’ उघडून ते चालू आहे का बघा, आणि जर्मनीच्या दरपत्रकात ‘इनकमिंग एसएमएस’पुढे काय लिहिलंय तेही वाचा. इनकमिंग कॉलला मात्र पॅकशिवाय मिनिटाला जबर पैसे पडतात. म्हणून भारतीय नंबरवर कॉल आला की उचलायचा नाही, व्हॉट्सअॅपवर परत करायचा. उचलला नाही तर पैसे नाहीत.

यूपीआयचं अॅप, बँकेचं अॅप, सगळं ज्या फोनवर वापरायचं त्याच फोनवर सोलापुरात सुरू करून, एकेक रुपया पाठवून बघा. ही अॅपं नोंदणीच्या वेळी भारतीय सिमवरून एक एसएमएस गुपचूप पाठवतात, त्यावरून सिम त्याच फोनमध्ये आहे हे ठरवतात. परदेशातून तो एसएमएस पाठवायला पैसे पडतात आणि अनेकदा तो पोचतच नाही. मग ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ म्हणत अॅप फिरत राहतं. तिकडे गेल्यावर अॅप काढून पुन्हा टाकणं, फोन फॅक्टरी रीसेट करणं, हे उद्योग शक्यतो नकोत. बँकेत जाल तेव्हा ईमेलवरही ओटीपी मिळेल का ते विचारा आणि बचत खात्याचं एनआरओ करण्याचा अर्जही त्याच खेपेत द्या. शिकायला जाणाराही फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, दृष्टीने अनिवासीच ठरतो. बँकेचा १८०० वाला टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा नंबर मागून घ्या. फोनमधले बाकीचे नंबरही +९१ लावून सेव्ह करायला सांगा, नाहीतर जर्मन सिमवरून ‘आई’ला लावलेला फोन जर्मनीतच कुठेतरी भटकेल.

काही घरांत दुसरीच युक्ती करतात. सिम घरीच एका जुन्या फोनमध्ये ठेवायचं आणि मुलाने सांगितलं की वडिलांनी ओटीपी वाचून दाखवायचा. यात यूपीआय चालतच नाही, कारण सिम त्याच फोनमध्ये हवं. ओटीपीची मुदत काही मिनिटांची. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांच्या फरकाने तुम्ही झोपलेले असाल. पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा. ‘फोनवर मुलगा बोलतोय, ओटीपी सांगून टाकू’ ही सवय घरात रुजली की ठगांचं निम्मं काम झालं. सिम मुलाबरोबर जाऊ द्या. दूरसंचार खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सअॅपसारखी अॅपं फोनमधल्या सिमशी बांधलेली असावीत असे निर्देश काढले, त्या दृष्टीनेही सिम फोनमध्येच असलेलं बरं. व्हॉट्सअॅप भारतीय नंबरवरच राहू द्या. नवा नंबर आला म्हणून बदलायची गरज नाही.

आता फोन. चौदा हजारांच्या फोनबद्दल तीन गोष्टी तपासा.

पहिली, सिमची जागा. या किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमची आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. मेमरी कार्ड घातलं असेल तर जर्मन सिम बसणार कुठे? फोटो आधी दुसरीकडे उतरवून कार्ड काढून ठेवा.

दुसरी, ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवायचं सिम. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ‘ईआयडी’ असा लांबलचक नंबर दिसला तर ई-सिम चालतं. दिसला नाही तर चालत नाही, आणि या किमतीत बहुधा दिसणार नाही. काही बिघडत नाही, दोन्ही कार्डं प्लास्टिकची वापरायची. ई-सिम चालत असेल तर मोह होईल भारतीय नंबर ई-सिमवर नेण्याचा. ते उलटं करा. भारतीय नंबर प्लास्टिकच्या कार्डावर, जर्मन ई-सिमवर. फोन पडून फुटला तर प्लास्टिकचं कार्ड काढून मित्राच्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम नव्या फोनवर उतरवायचं तर बहुधा त्याच नंबरवरून एसएमएस किंवा त्याच नंबरवर ओटीपी लागतो, आणि तो नंबर फुटलेल्या फोनमध्ये अडकलेला.

तिसरी, आणि दुकानात कुणी सांगत नाही अशी, ती म्हणजे बँड. फोन ज्या वारंवारितेवर ४जी पकडतो तिला नंबर असतात. भारतात मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१ हे बँड चालतात. जर्मनीत १, ३, ७, ८, २० आणि २८. यातला २० म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ भारतात वापरातच नाही, म्हणून भारतासाठी बनवलेल्या स्वस्त फोनमधून कंपन्या तो गाळतात. जर्मनीत मात्र खेडी, डोंगर, जाड भिंतींच्या इमारती, तळघरं यांत पोचणारा बँड मुख्यतः तोच, कारण वारंवारिता कमी असली की लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. केम्निट्झ एर्झगेबिर्ग डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. शहरात मुलाला फरक जाणवणार नाही, डोंगरात फिरायला गेल्यावर रेंजची एकच काडी दिसेल. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत ‘एलटीई एफडीडी’पुढे बी२० आणि बी२८ आहेत का बघा. नसतील तरी फोन परत करायला धावू नका. शहरापुरता तो चालेल. वर्षभराने मुलगा तिकडे अर्धवेळ काम करायला लागला की जर्मनीतला फोन रोखीने घेईल, आणि हा भारतीय सिमसाठी दुसरा फोन म्हणून राहील.

तिकडे ३जी २०२१ मध्येच बंद झालं. फोनला जर्मन कंपनीचं व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, मिळालं नाही तर कॉल २जीवर घसरतो आणि बोलताना इंटरनेट थांबतं. घाबरायचं कारण नाही, सेटिंगमध्ये व्होल्टी चालू आहे ना एवढं बघायचं आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवायचं. फोन सॅमसंगचा असेल तर डबा फोडल्यावर आधी भारतीय सिमवर पाच मिनिटं तरी बोलून घ्यावं लागतं, नाहीतर परदेशी सिमला तो अडवतो. तुमचा महिनाभर वापरात आहे, म्हणजे तो प्रश्न मिटला.

दुकानदाराच्या सल्ल्याकडे येऊ. वर्षाचं रोमिंग हा प्रवाशाचा माल आहे, तिथे राहणाऱ्याचा नव्हे. एअरटेलने २०२५ मध्ये काढलेला ४००० रुपयांचा वर्षाचा पॅक घ्या, त्यात परदेशात वापरायला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटं. वर्षभरासाठी! मुलाचे एवढे जीबी पहिल्या पंधरवड्यात संपतील. शिवाय विद्यापीठ, घरमालक, बँक, विमा कंपनी, अर्धवेळ काम देणारा, सगळे +४९ चा नंबर मागतात. पण दुकानदार अगदीच चुकीचा नाही. तुमच्या प्रवासात एक मेख आहे, ती त्याच्या पॅकने सुटते. मुलगा रविवारी उतरतोय आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. आल्डी, लिडल ही किराणा दुकानं, मोबाइलची दुकानं, सगळी. विमानतळावर आणि मोठ्या स्टेशनांत काही दुकानं उघडी असतात, तिथे सिम मिळतं पण महाग. फोनला ई-सिम चालत असेल तर नुसत्या डेटाचं आठवड्याचं प्रवासी ई-सिम मुंबईच्या विमानतळावर वायफायवर टाकून घ्यावं. चालत नसेल तर भारतीय नंबरवर एक-दोन दिवसांचा छोटा रोमिंग पॅक मारा. तो संपायच्या आत सोमवार उजाडेल. फ्रँकफर्ट विमानतळावर वायफाय फुकट आहे, आयसीई या वेगवान रेल्वेगाड्यांतही असतं. तरी रेल्वेचं तिकीट आणि हॉस्टेलचा पत्ता कागदावर छापलेला असू द्या, केम्निट्झचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवलेला असू द्या.

पॅक मारला की विमानात बसताना फ्लाइट मोड मात्र न चुकता. काही विमानांत आकाशातलं नेटवर्क असतं, ते पॅकमध्ये धरलेलं नसेल तर शिल्लक उतरण्याआधीच संपते.

भाच्याचा सल्ला पगारदार माणसाचा आहे. त्याच्या जागी तो बरोबरच. विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी तो जमत नाही आणि परवडतही नाही. करारासाठी जर्मन बँक खातं लागतं, दरमहा पैसे त्यातून आपोआप कापले जातात. कंपनी आधी शुफा नावाच्या पत-नोंदणी संस्थेकडे चौकशी करते. नुकत्याच आलेल्याची तिथे पाटी कोरी, म्हणून अर्ज फेटाळला जातो किंवा अनामत मागतात. समजा मिळाला, तर महिना ५० युरो धरले तरी २४ महिन्यांचे १२०० युरो झाले. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून मुलाला महिन्याला मिळणार ९९२ युरो, त्यातच खोली, विमा, जेवण. मधेच शिक्षण सोडून परतला किंवा दुसऱ्या देशात गेला तरी हप्ते चालूच. भरले नाहीत तर वसुली कंपनीची पत्रं आणि शुफावर काळा डाग. तो डाग पुढे भाड्याची खोली शोधताना आडवा येतो, कारण तिथे घरमालक शुफाचा दाखला मागतात.

डिसेंबर २०२१ पासून कायदा थोडा सौम्य झालाय. पहिली मुदत संपल्यावर करार आपोआप वर्षभर वाढत नाही, महिन्याच्या नोटिशीवर कधीही सोडता येतो. ऑनलाइन केलेला करार १४ दिवसांत विनाकारण मोडता येतो, पण दुकानात बसून सही केलेला नाही. स्टेशनातल्या स्टॉलवर हसतमुख माणूस टॅबलेटवर सही मागतो तेव्हा मुलाला हे आठवलं पाहिजे.

तर मग प्रीपेड. जर्मनीत मोठी जाळी टेलिकॉम, व्होडाफोन आणि ओ-टू यांची, चौथी १ उंड १ कंपनी नवी. विद्यार्थी सहसा त्यांच्याकडून थेट घेत नाहीत, त्याच जाळ्यांवर चालणारे किराणा दुकानांचे स्वस्त ब्रँड घेतात. आल्डी टॉक आणि ब्लाउ ओ-टूच्या जाळ्यावर, लिडल कनेक्ट व्होडाफोनच्या, काँगस्टार आणि पेनी मोबिल टेलिकॉमच्या. चार आठवड्यांच्या पॅकला साधारण आठ ते पंधरा युरो. इथेही तेच गणित आहे बरं का, चार आठवडे म्हणजे महिना नव्हे. वर्षाचे तेरा हप्ते धरा. आमचं मत विचाराल तर आल्डी किंवा लिडलपासून सुरुवात करावी. खोलीत रेंज येते का, एवढाच निकष पहिल्या महिन्याला पुरे, आणि ते हॉस्टेलमधल्या शेजाऱ्याला विचारून आधीच कळतं. गावाबाहेर, डोंगरात, रेल्वेत जास्त वावर असेल तर टेलिकॉमच्या जाळ्यावरचा ब्रँड घ्यावा, दोन-तीन युरो जास्त गेले तरी.

सिम विकत घेणं दोन मिनिटांचं काम, चालू होणं तेवढं सोपं नाही. जुलै २०१७ पासून तिथे प्रीपेडलाही ओळख पटवावी लागते. आल्डीतून घेतलेलं पाकीट घरी येऊन व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवून चालू करायचं असतं, आणि भारतीय पासपोर्ट त्या व्हिडिओत कधी स्वीकारला जातो, कधी नाही. नाही म्हटलं तर त्यांच्याकडून कूपन घेऊन पोस्टाच्या शाखेत पासपोर्टसह जायचं, ‘पोस्टइडेंट’ म्हणतात त्याला. तिथे काम होतं. ही धावपळ नको असेल तर मोबाइल कंपनीच्या दुकानातून सिम घ्यावं; काउंटरवरच पासपोर्ट बघून चालू करून देतात, थोडं महाग पडतं. फॉर्मवर नाव पासपोर्टात जसं छापलंय तसंच, वडिलांच्या नावासकट. आपल्याकडे पासपोर्टात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकाच ‘गिव्हन नेम’मध्ये असतं, मुलं नुसतं स्वतःचं नाव लिहितात आणि अर्ज अडकतो. पत्ता जर्मनीतला लागतो. आणि खोलीच्या टपालपेटीवर मुलाच्या आडनावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटवायला सांगा. तिथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, मग ते सिमचं असो वा बँकेच्या कार्डाचं.

पाकिटातलं प्लास्टिकचं मोठं कार्ड फेकू नये. त्यावर चार आकडी पिन आणि पिन अडकल्यावर लागणारा पीयूके असतो. आपल्याकडे सिमला पिन विचारत नाहीत, म्हणून सवय नसते. तिकडे फोन बंद करून चालू केला की दर वेळी विचारतात. तीनदा चुकला की पीयूके, तो दहादा चुकला की सिम संपलं. त्या कार्डाचा फोटो काढून तुम्हालाही पाठवून ठेवू दे.

‘ऑलनेट फ्लॅट’ लिहिलेलं असलं तरी फुकट कॉल जर्मन नंबरांपुरते. भारतात लावले तर वेगळे पैसे. युरोपीय संघात फिरताना २०१७ पासून रोमिंगचा जादा आकार नाही, पण स्वित्झर्लंड आणि ब्रिटन संघात नाहीत. तिकडे जाण्याआधी पॅकमध्ये ते देश आहेत का बघावं. ११२ हा आणीबाणीचा नंबर शिल्लक शून्य असली तरी लागतो, मात्र जर्मनीत फोनमध्ये चालू सिम असावंच लागतं; बिनसिमच्या फोनवरून तो २००९ पासून लागत नाही.

दोन सिम बसली की सेटिंग एकदाच नीट करायचं. डेटा आणि कॉलसाठी जर्मन सिम. भारतीय सिमवर डेटा रोमिंग बंद. ‘गरज पडल्यास डेटा दुसऱ्या सिमवर वळवा’ अशा अर्थाचं बटण असतं, तेही बंद. शिल्लक खाणारं बहुतेक वेळा हेच बटण असतं. एसएमएस पाठवायचा झाल्यास जर्मन सिमवरून.

ओटीपी येईना, तर आधी भारतीय सिमपुढे कुठल्या तरी जर्मन नेटवर्कचं नाव दिसतंय का बघायचं. दिसत नसेल तर नेटवर्कची निवड ‘आपोआप’वरून हाताने करून टेलिकॉम, व्होडाफोन, ओ-टू एकेक निवडून बघायचं, दर वेळी दोन-तीन मिनिटं थांबायचं, भारतीय कंपनीचा करार तिन्हींशी असतोच असं नाही. दिसत असूनही येत नसेल तर मेसेजच्या स्पॅम कप्प्यात बघायचं, मग पॅकची मुदत, मग रोमिंगची सेवा. पुन्हापुन्हा ‘रिसेंड’ दाबू नये. चार-पाचदा दाबलं की बँक स्वतःच काही तास कुलूप लावते, आणि मग दोष नेटवर्कचा की बँकेचा हे कळत नाही. ही चाचणी सोमवारी सकाळीच करावी, फी भरायच्या शेवटच्या दिवशी नाही.

राहता राहिला तुमचा वाटा. कार्ड हरवल्याचा फोन आला तर आधी कंपनीला कळवून नंबर बंद करायचा, बँकेला कळवायचं, मग तुम्ही स्वतः गॅलरीत. अंगठा किंवा चेहरा आधारशी जुळला की नवीन कार्ड मिळतं. पहिले २४ तास एसएमएस नाहीत हे धरून चाला, एखादा दिवस ते घरच्या फोनमध्ये घालून चालू झाल्याची खात्री करा आणि मग कुरिअर करा किंवा जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर धाडा. तुमच्या आधारचे ठसे जुने असतील, गॅलरीत ‘मॅच होत नाही’ असं कधी ऐकलं असेल, तर ते आत्ताच आधार केंद्रात जाऊन अद्ययावत करून घ्या. मुलगा सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी हे झालेलं बरं. आणि हो, नवं सिम कुणाबरोबर पाठवाल तेव्हा ते शेंगाचटणीच्या पुड्यात खोचू नका. तेल लागलं की कार्डाची सोनेरी बाजू पुसत बसावी लागते.